ग्रानादा विद्यापीठात एका सत्रासाठी एक्स्चेंज : व्हिसा, क्रेडिट्स आणि राहण्याची सोय

ताकभात
पुण्यात बी.ए. अर्थशास्त्र, तिसरं वर्ष. कॉलेजच्या करारातून स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात पाचव्या सत्रासाठी निवड झाली आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय विभागाचं स्वीकृतीपत्र आलं, त्यावर मुदत १ सप्टेंबर ते २८ फेब्रुवारी अशी आहे. विषय स्पॅनिशमधून शिकवणार. माझी स्पॅनिशची बी१ (मधली) पातळी पूर्ण झालीय, पण प्रमाणपत्र क्लासचं आहे आणि ते चालणार नाही असं कळवलंय.

विचारायचंय ते असं : व्हिसाला नेमकी कुठली कागदपत्रं लागतात? एजंट पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, सगळ्याचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि भाषांतर असं मोठं पॅकेज सांगतोय. तिथले क्रेडिट्स इथे कसे धरतात? आणि खोली इथूनच बुक करावी का? घरचे म्हणतात पत्ता पक्का असल्याशिवाय विमानात बसायचं नाही.

शिक्कामोर्तब
एजंटला पैसे देण्याआधी पत्रावरचे दिवस मोज. सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८. एकूण १८१. स्पेनच्या विद्यार्थी व्हिसात रेघ १८० दिवसांवर आहे आणि तुझं पत्र एका दिवसाने पलीकडे गेलंय. त्या एका दिवसापायी एजंटचं पॅकेज उभं राहिलंय.

१८० दिवसांपर्यंतचा मुक्काम असेल तर व्हिसा पूर्ण मुदतीचा मिळतो. पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय दाखला हे दोन्ही त्यापुढच्या मुक्कामासाठी मागतात. शिवाय १८० च्या पुढे गेलीस की तिथे पोचल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, म्हणजे 'तिए', काढण्याचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी राष्ट्रीय पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यायची वेळ घ्यायची, ईएक्स-१७ फॉर्म, ७९०-०१२ क्रमांकाच्या चलनाने शुल्क, फोटो, पत्त्याची नोंद. आणि ती वेळ, जिला ते 'सिता' म्हणतात, संकेतस्थळावर सहजासहजी मिळत नाही. कार्ड हातात पडेपर्यंत सत्र अर्धं संपतं.

विद्यापीठं पत्रावर बहुतेक वेळा सत्राच्या गोल तारखा टाकतात. त्यांना आजच ईमेल कर की व्हिसासाठी प्रत्यक्ष वर्ग आणि परीक्षेच्या तारखांचं पत्र हवं. १० सप्टेंबर ते ३१ जानेवारी केलं तर १४४ दिवस होतात. अशी विनंती त्यांना नवी नसते.

मग उरतं ते एवढं : राष्ट्रीय व्हिसाचा फॉर्म (शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा नव्हे, दोन्ही वेगळे आहेत आणि लोक हटकून चुकीचा भरतात), पासपोर्ट, फोटो, स्वीकृतीपत्र, पैशाचा पुरावा, आरोग्य विमा. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या कॉन्सुलेटखाली येतात, अर्ज बीएलएस या व्हिसाअर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात स्वतः जाऊन द्यायचा. त्यांची चालू यादी छापून घे आणि कागद त्याच क्रमाने लाव. वर्ग सुरू होण्याच्या दोन महिने आधी अर्ज आत गेला पाहिजे, त्यामुळे जुलैची वाट बघू नकोस.

पैशाचं गणित : दर महिन्याला 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकाच्या १०० टक्के रक्कम दाखवायची. हा निर्देशांक २०२३ पासून महिना ६०० युरोवर आहे. पाच महिन्यांना ३,००० युरो. त्याहून थोडे जास्त दाखव, कारण रुपयाचा भाव अर्ज आणि निकाल यांच्या मधे हलतो. आईवडिलांचं खातं चालतं, पण त्यांचं नोटरी केलेलं हमीपत्र, नात्याचा पुरावा आणि बँकेचा शिक्का असलेलं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागेल. नेट बँकिंगमधून काढलेली कोरी पीडीएफ नेऊ नका. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकरकमी मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागदही जोडा. एफडी मोडली असेल तर तिची पावती, बस.

वाटसरू_मिरज
विम्याचं सोपं आहे. तीस हजार युरो कव्हरची स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी घ्यायची, कुठल्याही भारतीय कंपनीची. फार खर्च येत नाही.

शिक्कामोर्तब
@वाटसरू_मिरज, तीस हजार युरोची अट शेंगेनच्या कमी मुदतीच्या व्हिसाची, म्हणजे ९० दिवसांपर्यंतची. इथे राष्ट्रीय व्हिसा आहे, त्याचं माप वेगळं. स्पेनमध्ये व्यवसाय करायला परवानगी असलेल्या कंपनीची पॉलिसी लागते. तिच्यात रुग्णाने काही वाटा उचलायचा अशी अट नको, आणि सुरुवातीचे काही महिने अमुक उपचार मिळणार नाहीत असा प्रतीक्षाकाळही नको. आपल्याकडच्या ट्रॅव्हल पॉलिसीत पहिले शंभर डॉलर स्वतः भरायचे असं कलम बहुतेकदा असतं आणि अर्ज तिथेच अडकतो.

स्पेनमधल्या विमा कंपन्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी नेमकी याच अटींची पॉलिसी विकतात आणि कॉन्सुलेटसाठी स्पॅनिशमधला दाखलाही देतात. दाखल्यावर 'सिन कोपागो' (रुग्णाचा वाटा नाही) आणि 'सिन कारेन्सिया' (प्रतीक्षाकाळ नाही) हे शब्द स्पष्ट आले पाहिजेत. विम्याच्या तारखा विमान उतरायच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत. पत्राची मुदत बदलून घेतलीस की विमाही त्याप्रमाणे, म्हणून आधी पत्र आणि मग विमा. व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळतो का, तेही विकत घेतानाच विचार.

आणि पत्र काही केल्या बदललं नाही, १८१ दिवसच राहिले, तर पोलीस क्लिअरन्सचा क्रम लक्षात ठेव : आधी पासपोर्ट सेवेतून पीसीसी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, आणि सगळ्यात शेवटी स्पॅनिश भाषांतर. भाषांतर अपॉस्टिलच्या मजकुरासकट व्हायला हवं. लोक भाषांतर आधी करून घेतात आणि मग दुसऱ्यांदा पैसे मोजतात. भाषांतर करणारा स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीतला शपथबद्ध अनुवादक असेल तर कोणी प्रश्न विचारत नाही.

खडूफळा
शिक्कामोर्तब यांनी ३१ जानेवारी सुचवलीय तिथे एक अडचण आहे. ग्रानादात पहिल्या सत्राची मुख्य परीक्षा जानेवारीत होते आणि नापास झालेल्यांची दुसरी संधी फेब्रुवारीत. स्पेनमधल्या बऱ्याच इतर विद्यापीठांत ही दुसरी संधी थेट जून-जुलैत असते, ग्रानादाची लवकर असते हा फायदाच आहे. जानेवारीअखेर परतलीस तर तो सोडून दिल्यासारखं होईल. पत्रावर ५ सप्टेंबर ते २० फेब्रुवारी मागून घे. दिवस १६९ भरतात, १८० च्या आत, आणि दुसरी परीक्षाही त्यात बसू शकते. मागण्याआधी तुझ्या फॅकल्टीचं त्या वर्षाचं परीक्षा वेळापत्रक उघडून नेमके दिवस बघ.

आता याची दुसरी बाजू. तुझं सहावं सत्र पुण्यात तोवर सुरू झालेलं असेल आणि ७५ टक्के हजेरीचा नियम तिथे आ वासून बसलेला. म्हणून निघण्याआधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घे : एक्स्चेंजमुळे उशिरा रुजू होण्यास परवानगी, आणि त्या काळातली हजेरी व अंतर्गत गुण कसे धरणार याचा स्पष्ट उल्लेख. 'बघू, आल्यावर बोलू' हे तोंडी आश्वासन चालत नाही. विभागप्रमुख बदलले की ते गेलं.

क्रेडिट्स. तिथे एका सत्राला ३० इसीटीएस (युरोपातली क्रेडिट्स), बहुतेक विषय ६ चे, म्हणजे पाच विषय. एक इसीटीएस म्हणजे तिथे विद्यार्थ्याचं २५ तासांचं एकूण काम. ६ चा विषय म्हणजे १५० तास, त्यातले साधारण ६० वर्गात, उरलेले घरी. आपल्याकडे ४ क्रेडिटच्या विषयाला १५ गुणिले ४, म्हणजे ६० तास वर्ग. तेव्हा ६ इसीटीएसला ४ क्रेडिट हे प्रमाण विभागापुढे तासांच्या हिशोबाने मांडता येतं. कोणी ३० ला ३० म्हणेल, कोणी निम्मे धरायला बघेल. तासांचं कोष्टक कागदावर ठेवलं की वाद लवकर मिटतो.

पण या हिशोबाने ३० चे २० होतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आपल्याकडे सत्राला बहुधा २२ लागतात. वरचे दोन कुठून आणायचे हे आत्ताच ठरव. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरचा अभ्यासक्रम हा सोपा मार्ग आहे, फक्त तो विभागाने आधी मंजूर करायला हवा. भारतीय ज्ञानप्रणाली किंवा कौशल्य यांसारख्या घटकांना ग्रानादात जोड मिळणार नाही. ते आधीच्या किंवा पुढच्या सत्रात हलवता येतात का ते परीक्षा विभागात विचार. तुझं एबीसी खातं (क्रेडिट्स जमा होतात ते सरकारी खातं) चालू आहे ना, तेही बघून ठेव.

लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कुठले विषय घेणार त्याच्या करारावर, तीन सह्या लागतात : तुझी, आपल्या कॉलेजची, तिथल्या विद्यापीठाची. पाच विषयांसाठी आठ विषयांना इथे मंजुरी घेऊन जा. का, तर तिथे पोचल्यावर किमान एक विषय बदलतोच. जागा भरते, नाहीतर तास एकमेकांवर येतात. स्पेनमध्ये विषय मोठ्या गटात आणि प्रात्यक्षिकं छोट्या गटांत विभागलेली असतात, त्यात दुसऱ्या वर्षाचा एक आणि तिसऱ्या वर्षाचे दोन असे विषय घेतले की वेळापत्रक हमखास भिडतं. बदलाची खिडकी सत्राच्या सुरुवातीलाच थोडे दिवस उघडी असते. तेवढ्यात पुण्याहून मंजुरी आणणं अवघड, म्हणून राखीव विषय आधीच मंजूर हवेत.

प्रत्येक विषयाची 'गिया दोसेंते', म्हणजे माहितीपुस्तिका, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. तीत अभ्यासक्रम, गुणांची विभागणी, भाषा, पुस्तकं सगळं असतं. आठही उतरवून घे, इथल्या मंजुरीला तीच जोडायची. तीत मूल्यमापनाचा परिच्छेद नीट वाच. सत्रभराचं मूल्यमापन हीच तिथली रूढ पद्धत, हजेरी आणि गटकामाला गुण असतात. फक्त शेवटची परीक्षा द्यायची असेल तर सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तसा अर्ज करावा लागतो, नंतर ऐकत नाहीत. उशिरा पोचणारे नेमके इथे सापडतात.

ताकभात
धन्यवाद! पत्र बदलण्यासाठी ईमेल पाठवलं, २० फेब्रुवारीचंच मागितलं. दोन शंका. भाषेचं प्रमाणपत्र 'देले' परीक्षेचं घेऊ की 'सिएले'चं? आणि तिथले १० पैकी गुण इथे सरळ टक्क्यांत धरले तर माझं सीजीपीए खाली येणार नाही का?

खडूफळा
सिएले. देलेचा निकाल यायला दोन-तीन महिने जातात, तुझ्याकडे तेवढा वेळ नाही. सिएलेचा तीन आठवड्यांत येतो. दोन्हींमागे सेर्वांतेस ही स्पेनची सरकारी भाषासंस्था आहे. सिएलेत तिच्यासोबत मेक्सिकोचं उनाम, सालामान्का आणि ब्यूनोस आयरेस ही विद्यापीठंही आहेत. फरक असा की देले कायमचं, सिएले पाच वर्षांचं. तुला एका सत्रापुरतं हवंय. फक्त 'ग्लोबल' परीक्षा दे, चारही कौशल्यांची. स्वस्त म्हणून एखादाच भाग दिलास तर विद्यापीठ परत पाठवेल.

गुणांची शंका रास्त आहे. तिथे ५ ला पास, ५ ते ६.९ 'आप्रोबादो', ७ ते ८.९ 'नोताब्ले', ९ पासून पुढे 'सोब्रेसालिएंते'. त्याच्या वरचा मान 'मात्रीकुला दे ओनोर' वर्गातल्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त जणांना देताच येत नाही. ७ म्हणजे तिथे चांगला विद्यार्थी, आणि आपल्या परीक्षा विभागाला ७ म्हणजे ७० टक्के. रूपांतराचं कोष्टक लर्निंग अॅग्रीमेंटसोबतच मंजूर करून घे. निकाल लागल्यावर मागितलं तर गुण वाढवून मागतेय असं वाटतं. काही कॉलेजं एक्स्चेंजचे विषय नुसते 'उत्तीर्ण' असे नोंदवतात आणि सीजीपीएत धरत नाहीत. तसा पर्याय असेल तर तो घे, डोकेदुखी संपली.

आणखी एक. बहुपर्यायी प्रश्नांना तिथे चुकीच्या उत्तराचे गुण वजा होण्याची पद्धत सर्रास आहे. आपल्या सवयीने सगळे गोल काळे करून येऊ नकोस.

कढीपत्ता
खोलीचं सांगते. इथून बुक करायची ती पहिल्या दहा-पंधरा दिवसांची, विद्यार्थी वसतिगृहात किंवा हॉस्टेलात, रद्द करता येईल अशी. व्हिसाला तेवढा पत्ता बहुधा पुरतो. कायमची खोली तिथे जाऊन, डोळ्यांनी बघून. 'मी सध्या परदेशात आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठव, किल्ली कुरियरने येईल' असं कोणी म्हटलं की तिथेच संवाद संपव. फोटो दुसऱ्याच घराचे असतात. घरच्यांना समजाव की न बघितलेला पक्का पत्ता हाच जास्त धोक्याचा.

ग्रानादात भाग निवडताना आधी फॅकल्टी बघ. अर्थशास्त्राची कार्तुखा कॅम्पसवर आहे, म्हणजे शहराच्या उत्तरेला टेकडीवर. मेट्रो तिथे जात नाही, बस जाते. साइदीन भागात भाडं कमी असतं, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. वैद्यकच्या मुलांना सोयीचा, तुला रोजची यातायात. पेद्रो आंतोनियो दे आलार्कोन हा विद्यार्थ्यांचा रस्ता, बस सोयीच्या, पण गुरुवारी रात्री झोप विसर. आल्बाइसिन फोटोत फार सुंदर दिसतं. चढ, गोटे बसवलेल्या गल्ल्या, लिफ्ट नाही आणि हिवाळ्यात ओल. राहायला नको, फिरायला जा.

आणि हिवाळा हा खरा मुद्दा. दक्षिण स्पेन म्हणजे ऊन, असं समजून लोक स्वेटरवर जातात. ग्रानादा सिएरा नेवादाच्या पायथ्याशी, जवळजवळ सातशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. खोली बघताना पहिला प्रश्न 'कालेफाक्सियोन सेंत्राल' आहे का. सामायिक हीटिंग असेल तर थोडं जास्त भाडं देऊन घे. नसेल तर विजेचा हीटर, आणि मग बिल. दुसरा प्रश्न भाड्यात काय काय धरलंय. 'गास्तोस इन्क्लुइदोस' (वीज-पाणी खर्च धरून) असं लिहिलेलं असतं, पण पुष्कळदा ठरावीक रकमेपर्यंतच, वरचं तुझं. तिसरा प्रश्न गरम पाणी कशावर. केशरी सिलेंडर असेल तर तो साडेबारा किलोचा, आपल्यापेक्षा थोडा लहान, आणि वर चढवायचा कोणी याचं उत्तर घरात राहणाऱ्यांनाच द्यावं लागतं.

विजेची आणखी एक गंमत. घराला ठरवून घेतलेला भार असतो, बऱ्याच छोट्या घरांत ३.४५ किलोवॅट. हीटर, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की मेन स्विच पडतो. बिघाड नसतो. एक काही तरी बंद करून स्विच वर करायचा. तिथला सॉकेट दोन गोल पिनांचा, आपली जाड तीन पिनांची प्लग बसत नाही. शेगडी बहुतेक ठिकाणी काचेची. ती इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही. न्यायचाच असेल तर स्टीलचा, तळ चुंबकाला चिकटतो का ते बघून ने.

करार लेखी घे. कायद्याने अनामत नेहमीच्या घरभाड्याला एक महिन्याची, हंगामी कराराला दोन महिन्यांची. खोलीची अवस्था पहिल्या दिवशी व्हिडिओत टिपून घरमालकाला पाठव, अनामत परत घेताना तोच कामाला येतो. करारावर तुझं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद करताना, ज्याला 'एम्पाद्रोनामिएंतो' म्हणतात, अडवणूक होत नाही. तुला तिए लागणार नसलं तरी ही नोंद करून ठेव, इतर कामांत पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. मालक 'नोंद करता येणार नाही' म्हणाला तर बहुतेकदा त्याला भाडं कागदावर नको असतं. दुसरी खोली बघ.

ताकभात
मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. जगता येईल ना?

कढीपत्ता
येईल, पण 'कार्ने', म्हणजे मांस, नको एवढं सांगून भागत नाही. त्यांच्या लेखी हाम (डुकराचं खारवलेलं मांस) आणि ट्यूना मासा म्हणजे मांस नव्हे. सॅलडवर ट्यूना येतो, मसुरीच्या आमटीत चोरिसो या डुकराच्या सॉसेजचे तुकडे, पालकाच्या भाजीत हाम. 'नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी आतून' (मांस, हाम, मासे, ट्यूना काहीच नको) असं सगळं एका दमात म्हणायचं. नाताळातल्या मांतेकादो नावाच्या वड्यांत डुकराची चरबी असते, पुडक्यावर 'मांतेका दे सेर्दो' लिहिलेलं दिसेल. बटाट्याचं ऑम्लेट सगळीकडे मिळतं, तुझं पोट त्यावर निघेल. ग्रानादात पेयासोबत खायला काही तरी फुकट देतात. ऑर्डर देतानाच शाकाहारी हवं असं सांगायचं, नंतर बदलून मागणं त्यांना आवडत नाही.

विद्यापीठाच्या 'कोमेदोर'मध्ये, म्हणजे भोजनालयात, तीन-चार युरोंत पूर्ण जेवण होतं. जेवणाच्या वेळा दुपारी दोननंतर, रात्री नऊच्या पुढे. चणे, मसूर, तांदूळ, रवा कुठल्याही दुकानात. हिंग, गोडा मसाला आणि तूरडाळ मात्र इथूनच घेऊन जा.

वाटसरू_मिरज
विम्याचं माझं चुकीचं होतं, आभार. पैशाबद्दल भर घालतो. आर्थिक वर्षात एका व्यक्तीने दहा लाखांच्या आत बाहेर पाठवले तर टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापत नाहीत, त्यामुळे एका सत्राला ती चिंता नाही. तिथल्या दुकानात किंवा एटीएमवर 'रुपयांत घेऊ का युरोत' असं यंत्र विचारतं. नेहमी युरो. रुपये निवडले की त्यांचा भाव लागतो आणि तो वाईट असतो. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ने आणि एक खोलीवर ठेव.

शिक्कामोर्तब
व्हिसा हातात आला की काउंटरवरून हलण्याआधी तीन गोष्टी बघ : नावाची स्पेलिंग, तारखा आणि प्रवेश किती वेळा. दक्षिणेतली मुलं सुट्टीत मोरोक्कोला जातात, तो शेंगेनबाहेर. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असताना गेलीस तर परत येता येणार नाही. बाकीच्या शेंगेन देशांत या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं.

खडूफळा
निकालपत्राचं राहिलं. स्पेनहून ते पीडीएफमध्ये येतं, समासात एक लांबलचक पडताळणी कोड असतो. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत दिसते. आपला परीक्षा विभाग 'शिक्का कुठाय' म्हणणार हे गृहीत धर. पीडीएफ थेट ग्रानादाच्या अधिकृत ईमेलवरून कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर पाठवायला सांग, आणि सोबत कोड तपासून घेतलेल्या पानाची छापील प्रत जोड. तिथले गुण दुसऱ्या परीक्षेनंतर अंतिम होतात, म्हणजे कागद मार्चच्या आत येईल असं धरू नकोस. सहाव्या सत्राचा परीक्षा फॉर्म त्याआधी भरायचा असतो. पाचव्याचा निकाल राखून ठेवून फॉर्म स्वीकारावा अशी ओळ प्राचार्यांच्या त्या पत्रातच घालून घे.